इंजिनाचं गोत्र

मराठी माणूस जावई आणताना त्याच्या सात पिढ्या खणून काढतो. गोत्र कोणतं, नाडी कोणती, आजोबांना दमा होता का, इथपर्यंत चौकशी. हाच माणूस आठ-दहा लाखांची मोटार घरी आणतो तेव्हा दोनच गोष्टी बघतो : गाडीचा रंग आणि नंबरातल्या आकड्यांची बेरीज. "इंजिन कोणतं आहे हो?" असं विचारलं, तर ऐटीत सांगतो, "पेट्रोल!" अहो, पेट्रोल हे इंजिनाचं नाव नव्हे, त्याचं खाणं आहे. जावई काय करतात, या प्रश्नाला "पोळीभाजी खातात" असं उत्तर चालेल का?

मी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो. शिक्षण बी. कॉम. त्यामुळे मोटारीतला मला फक्त कागद कळतो. पण माझं भांडण नेमकं इथेच आहे. इंजिन ओळखायला मेकॅनिक व्हावं लागत नाही. कागद वाचावा लागतो. आणि सुशिक्षित माणसाला नेमकी त्याचीच ॲलर्जी!

आरसी बुक घ्या. (त्याचं कार्ड झालं, तरी आपण बुकच म्हणणार.) त्यावर इंधन, सिलिंडर किती, सीसी किती, इंजिन नंबर आणि १७ अक्षर-आकड्यांचा चासी नंबर, सगळं छापलेलं असतं. इंजिन नंबर म्हणजे नुसती आकड्यांची आगगाडी नव्हे. मारुतीच्या अनेक गाड्यांत त्याची सुरुवात 'के१२' अशी असते. 'के' हे घराणं, १२ म्हणजे १.२ लिटर. झालं की गोत्र! पण आमचे ग्राहक फॉर्मवर चासी नंबर इंजिनाच्या रकान्यात भरतात आणि इंजिनाच्या रकान्यात मोबाईल नंबर.

त्यांचा विश्वास कागदावर नाही, डिकीवरच्या चकचकीत अक्षरांवर. आता ही अक्षरं किती खरी, ते ऐका. फियाटचं १२४८ सीसीचं एक डिझेल इंजिन होतं. फियाटच्या गाडीत त्याचं नाव मल्टिजेट. मारुतीच्या स्विफ्टमध्ये तेच इंजिन डीडीआयएस झालं आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट. आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे. २०२० साली नवे प्रदूषण-नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. पण तोवर आमच्या सोसायटीत एक स्विफ्टवाले आणि एक व्हिस्टावाले रोज संध्याकाळी कट्ट्यावर हमरीतुमरीवर येत. "तुमच्या इंजिनात दम नाही!" "आमच्या इंजिनाला तोड नाही!" बोनेटखाली दोघांचं इंजिन एकच. सख्ख्या भावांनी एकमेकांचं कुळ काढावं, तसा प्रकार.

सीसीच्या आकड्यांकडेही जरा बघा. छोट्या गाड्यांची पेट्रोल इंजिनं ११९७, ११९९ अशीच का? डिझेलची १४९७ का? कारण चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तरच ती सरकारदरबारी छोटी. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला जीएसटी १८ टक्के. रेषा ओलांडली की ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा हप्तासुद्धा १००० आणि १५०० सीसीच्या पायऱ्यांवर चढतो. म्हणजे तुमच्या इंजिनाचं माप इंजिनिअरइतकंच अर्थखात्यानेही घेतलंय. आणि पैसे भरणाऱ्यालाच ते ठाऊक नाही!

"मला काय करायचंय? गॅरेजवाला आहे ना!" हे आमचं राष्ट्रीय उत्तर. ठीक आहे. पण डिझेलच्या टाकीत पेट्रोल भरलं जातं तेव्हा गॅरेजवाला पंपावर नसतो. जुनी गाडी घेताना इंजिनावरचा नंबर एक आणि आरसीवरचा भलताच निघाला, तर चोरीच्या मालाचं लचांड तुमच्या गळ्यात पडतं, त्याच्या नव्हे. इंजिन बदललं असेल तर आरटीओत त्याची नोंद लागते. ती नसली की विमा कंपनीला प्रश्न विचारायला आयतं निमित्त मिळतं. आणि प्रश्न विचारण्यात विमा कंपन्या आमच्या बँकेलाही हार जात नाहीत. साधा चेक घेतानासुद्धा आपण सही, तारीख आणि अक्षरी रक्कम बघतो. मग दहा लाखांचं इंजिन न बघता कसं घ्यायचं?

तेव्हा येत्या रविवारी आरसी बुक घेऊन खाली उतरा. बोनेट उघडा. नंबर इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला असतो, बऱ्याचदा तेलकट मळीखाली. बॅटरी आणि फडकं न्या. एकेक अक्षर जुळवा. सापडला नाही तर मेकॅनिकला दाखवायला सांगा, त्यात कसली लाज? आणि हो, बोनेट उघडायचा खटका बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डखाली असतो. हे मुद्दाम सांगितलं, कारण कर्ज फिटलं तरी तो न सापडलेले तीन ग्राहक माझ्या टेबलावर आहेत.