लग्नाआधीचे नाव काय?



मॅसॅच्युसेट्समध्ये आमच्या शेजारी एक बाई राहतात. वय नव्वदीच्या पुढे. १९५५ साली इथल्याच एका महिला कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. कित्येक वर्षे त्या आपल्या वर्गाच्या सेक्रेटरी आहेत, म्हणजे मैत्रिणींकडून खबरबात गोळा करायची आणि कॉलेजच्या त्रैमासिकाकडे पाठवायची हे त्यांचे काम. हल्ली त्यांना नीट दिसत नाही, म्हणून आलेली पत्रे वाचून दाखवायला आणि मजकूर टाईप करायला मी जाते.

पहिल्यांदा गेले तेव्हा मनात म्हटले, असणार काय त्यात? नातवंडांची लग्ने आणि गुडघ्यांची ऑपरेशने. ते होतेच. पण एकीने लिहिले होते की नवऱ्याचा स्मृतिभ्रंश फार वाढल्याने त्याला शेवटी संस्थेत ठेवले आणि त्या रात्री आपण कित्येक महिन्यांनी सलग झोपलो. याची लाज वाटते, आणि वाटत नाहीसुद्धा. दुसरीला दारू सोडून तीस वर्षे झाली होती. तिसरी गावच्या लायब्ररीच्या समितीवर निवडून आली होती. बाई म्हणाल्या, "यातले काही गाळू नकोस. एकीने खरे लिहिले की पुढच्या अंकाला चौघींना धीर येतो."

आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकीचे नाव तीन भागांत छापतात: स्वतःचे, लग्नाआधीचे आडनाव, मग लग्नानंतरचे. अठराव्या वर्षी जिने ओळखले तिला नव्वदाव्या वर्षीही ओळखता यावे, एवढाच त्याचा अर्थ.

अशा खबरबातीला आपण बायकांच्या गप्पा म्हणून हसतो. पण बेटी फ्रीडन ही स्मिथ कॉलेजची १९४२ ची विद्यार्थिनी. तिने १९५७ साली, पंधरा वर्षांच्या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने, वर्गमैत्रिणींना लांबलचक प्रश्नावली पाठवली. शिक्षणामुळे बायका संसारात असमाधानी होतात हा तेव्हाचा समज खोडून काढावा असा तिचा हेतू होता. सुमारे दोनशे उत्तरे आली, आणि त्यातून वेगळीच अस्वस्थता दिसली. घर, मुले, गाडी सगळे असूनही काहीतरी राहून गेले, आणि असे फक्त आपल्यालाच वाटते अशी अनेकींची समजूत! यातूनच पुढे १९६३ साली 'द फेमिनिन मिस्टीक' हे पुस्तक आले. ते गोऱ्या, सुस्थितीतल्या बायकांपुरतेच आहे ही टीका रास्तच आहे. पण त्याची सुरुवात वर्गमैत्रिणींनी एकमेकींना खरे सांगण्यातून झाली, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे वळू. मी पुण्याच्या मुलींच्या कॉलेजात शिकले, १९७४ ची बॅच. काही वर्षांपूर्वी आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. वर्गात साठ-एक मुली होतो, सापडल्या तेवीस. बाकीच्या गेल्या कुठे? कुठेच नाही, फक्त त्यांची नावे बदलली. आडनाव तर गेलेच, कित्येकींचे पाळण्यातले नावही तांदळाच्या ताटात पुसले गेले. शोधायचे कोणत्या नावाने?

ही प्रथा सुधारकांच्या घरीही होती. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. ज्या कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, त्यांच्या घरची ही गोष्ट. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ती रीत किती खोलवर मुरली होती एवढेच दाखवायचे आहे.

माझ्यापुरते तिचे मोल सांगते. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण मी चाळीस वर्षे शोधत होते. दोन वर्षांपूर्वी मराठी मंडळाची ईमेल आली, एका सभासद बाईंच्या निधनाची. नाव, आडनाव दोन्ही अनोळखी. सोबत तरुणपणचा फोटो होता, दोन वेण्यांचा. ती आमच्यापासून गाडीने तासाभरावर राहत होती. मंडळाच्या दिवाळीत आम्ही जेवणाच्या एकाच रांगेत उभ्याही राहिलो असू. तिचा नवरा आधीच गेला होता, मुलगा कॅलिफोर्नियात. शेवटची पाच वर्षे ती एकटीच होती, हे मला शोकसभेत कळले.

हल्लीच्या मुली नाव बदलत नाहीत, मग हा विषय आता कशाला, असे कोणी म्हणेल. पण आज एकट्या पडत आहेत त्या आम्ही, सत्तर-ऐंशीच्या घरातल्या. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलो, आमची ओळख मंडळात 'अमक्यांच्या मिसेस' एवढीच राहिली. आणि ग्रुपवर तरी काय असते? सुप्रभात, चारधामची छायाचित्रे, मुलाचे प्रमोशन. घरचे उणेदुणे चारचौघींत कशाला, हे वळण अंगात मुरलेले. उणेदुणे सांगूच नका. पण केमो चालू आहे, मुलाचा घटस्फोट झाला, साठाव्या वर्षी पोहायला शिकले, संध्याकाळ खायला उठते, ही उणीदुणी नव्हेत. हे आपले आयुष्य आहे.

म्हणून माझे साधे म्हणणे आहे. आपल्या प्रत्येकीने जिथे नाव लिहायचे तिथे माहेरचे नावही पूर्ण लिहावे. मंडळाच्या यादीतही त्यासाठी जागा असावी. प्रत्येक बॅचमध्ये एकीने सेक्रेटरीचे काम अंगावर घ्यावे, आणि जी गप्प झाली तिला फोन करावा. आपल्यामागे कोणाकोणाला कळवायचे ती यादी मुलांच्या हाती देऊन ठेवावी. आणि पुरुष वाचकांनो, आज घरी एवढे तरी विचारा, तुझ्या बाकावर कोण बसायची?

आमच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात मी माझ्या ऑपरेशनाबद्दल आणि त्यानंतरच्या भीतीबद्दल सविस्तर लिहिले. दिवसभर सामसूम. रात्री एकीचा फोन आला, पुण्याहून. म्हणाली, "बरं झालं लिहिलंस गं. माझंही तेच झालंय. घरात कोणाला सांगितलेलं नाही."