पाटी कोणाच्या माथी?

१९९० साली दूरदर्शनवर संजय खान यांची 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' ही मालिका सुरू झाली. हैदर, टिपू, पेशवे, निजाम आणि इंग्रज अशा युद्धकाळातील सत्ताधीशांची ही कथा. मुसलमान राजाचे उदात्तीकरण होते म्हणून धर्मांधांनी ओरड केली, वाद कोर्टापर्यंत गेला आणि मालिका दाखवली गेली ती पाटी लावून. ही कल्पित कथा आहे, भगवान गिडवानींच्या कादंबरीवर बेतलेली आहे आणि टिपूच्या जीवनाशी वा राज्यकारभाराशी तिचा संबंध नाही, असे प्रेक्षकांना बजावण्यात आले.

कादंबरीला कादंबरी म्हणायला कोणाची हरकत? पण टिपूवरच्या मालिकेचा टिपूशी संबंध नाही, हे वाक्य मी शपथपत्रात लिहिले तर न्यायाधीश हसतील. १७९२ चा श्रीरंगपट्टणचा तह कल्पित आहे काय? त्या युद्धात पुण्याची पेशवाई आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने लढले. टिपूचे अर्धे राज्य गेले, तीन कोटी तीस लाखांची खंडणी बसली, दोन कोवळी मुले ओलीस द्यावी लागली. १७९१ मध्ये मराठी फौजेसोबतच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरी मठ लुटला, तेव्हा टिपूने तेथील शंकराचार्यांना मदत पाठवली. ती पत्रे उपलब्ध आहेत. इंग्रजांना साथ का दिली, हा प्रश्न मात्र एरवी कोरेगावच्या महार सैनिकांनाच विचारला जातो! टिपूला संत करण्याची आपल्याला गरज नाही. कोडगू आणि मलबारातले त्याचे अत्याचारही कागदोपत्री आहेत, तेही खुशाल दाखवा.

प्रश्न आहे तो पाटी कोणाला लागते याचा. त्याच दूरदर्शनवर १९८७-८८ मध्ये दर रविवारी 'रामायण' चालले. आमच्या देऊळघाटात टीव्ही मोजक्या घरांत. लोक चपला बाहेर काढून, हात जोडून बसत. त्यावर कल्पित कथेची पाटी नव्हती. नेमक्या त्याच काळात महाराष्ट्र शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मधील राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठवले गेले, अमरावतीत ग्रंथ जाळला गेला. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी लाखो भीमसैनिक मुंबईत रस्त्यावर उतरले म्हणून परिशिष्ट वाचले. तरी शासनाने टीप चिकटवलीच, की या मतांशी शासन सहमत नाही!

घटनेच्या कलम १९(२) खाली निर्बंध घालायचा तर तो वाजवी असावा लागतो, कायद्याचा आधार लागतो, त्याविरुद्ध दाद मागता येते. पाटीचे तसे नाही. बंदी घातली असे कोणी म्हणू शकत नाही, आणि लेखन मात्र पहिल्याच ओळीत संशयित ठरते.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात टिपू-औरंगजेबाच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. मोबाईलवर फिरणाऱ्या विखारी इतिहासाला कोणी पाटी लावली नाही. गुन्हे दाखल होतात, पोरांची वर्षे तारखांत जातात.

टिपू ४ मे १७९९ रोजी लढताना पडला. त्या मोहिमेतला आर्थर वेलस्ली चारच वर्षांनी आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात आला आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणात त्याने शिंदे-भोसल्यांना हरवले. डिसेंबरात देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. या युद्धावर कोणी मालिका काढली, तर १७९२ मध्ये पेशव्यांनी कोणाशी हातमिळवणी केली होती ते पहिल्याच भागात दाखवावे लागेल. तेव्हा पाटी कोण मागतो ते पाहू.