सुट्टीतली कुलूपबंद कपाटे

वार्षिक परीक्षा जवळ आली की आपल्या बहुतेक शाळांतून एक सूचना फिरते: ग्रंथालयाची सर्व पुस्तके अमुक तारखेच्या आत जमा करावीत. पुस्तके जमा होतात, कपाटांना कुलपे लागतात, १ मेच्या सुमारास निकाल हाती पडतो आणि जूनच्या मध्यापर्यंत (विदर्भात त्याहून काही दिवस अधिक) शाळा बंद होते. म्हणजे ज्या सहा आठवड्यांत मुलाला वाचायला सवड मिळणार, नेमक्या त्याच सहा आठवड्यांसाठी आपण त्याच्या हातचे पुस्तक काढून घेतो. आणि जूनमध्ये आम्हीच शिक्षक तक्रार करतो की सुट्टीत मुलांनी पुस्तकाला हात लावला नाही!

सुट्टीत विश्रांती किती आणि अभ्यास किती, हा वाद दरवर्षी रंगतो. त्याचे उत्तर बहुधा वेळापत्रकात शोधले जाते. सकाळी ॲबॅकस, दुपारी हस्ताक्षर, संध्याकाळी व्यक्तिमत्त्व-विकास. मध्ये उरलेला अर्धा तास म्हणजे विश्रांती. पालकांची भीती अगदीच निराधार नाही, हे मान्य करायला हवे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतील अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उन्हाळी सुट्टीनंतर मुले सरासरी सुमारे महिनाभराच्या अभ्यासाइतकी मागे पडलेली आढळली. घसरण वाचनापेक्षा गणितात अधिक होती. शिबिरांचे समर्थन करणाऱ्यांना एवढा भाग पुरेसा वाटतो. परंतु त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट आहे: मध्यमवर्गीय घरांतील मुलांचे वाचन सुट्टीत किंचित सुधारले होते, गरीब घरांतील मुलांचे मागे गेले होते. हा फरक बऱ्याच अंशी घरात पुस्तके असण्या-नसण्याचा असावा, असे आम्हांस वाटते. आपल्याकडच्या पाहणीतून काय निघेल ते निघो. आम्हांला ही बाब आपल्या कुलूपबंद कपाटांशी जोडलेली दिसते.

विश्रांती म्हणजे नुसती झोप नव्हे. मुलाला कंटाळा येण्याइतका मोकळा वेळ मिळणे, हीसुद्धा विश्रांतीच. प्रकाश नारायण संतांचा लंपन आठवावा. आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा माणसे न्याहाळतो, आवाज ऐकतो आणि स्वतःच्याच मनात काय चालले आहे याचे नवल करत बसतो. त्याची प्रत्येक दुपार कुणी वर्गांनी भरून टाकली असती, तर 'वनवास'मधले काय शिल्लक राहिले असते? मराठीच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही कधीमधी विचारतो, की तुम्ही वाचायला कसे लागलात? उत्तरात शाळेचा तास क्वचितच येतो. आजोळची माळ्यावरची ट्रंक येते, 'किशोर'चे जुने अंक येतात, शेजाऱ्यांकडून आणलेला फास्टर फेणे येतो. हल्ली हे उत्तर न देऊ शकणारे विद्यार्थीही वाढत आहेत आणि तेही साहित्याचेच विद्यार्थी आहेत.

आता मोकळी दुपार मोबाइल गिळून टाकतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणून तर मोठ्यांना थोडे काम उरते. पुस्तके हाताशी ठेवावीत. न आवडलेले अर्ध्यावर टाकू द्यावे. वाचून झाल्यावर सारांश, तात्पर्य, नवीन शब्दांची यादी मागू नये (या यादीने किती वाचक मारले, याचा हिशेब आम्ही शिक्षकांनी एकदा मांडायला हवा). आणि रात्री कुणीतरी मोठ्याने वाचावे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तिची रचनाच अशी आहे: दिवसाची कामे संपली, प्रार्थना झाली, की आश्रमातली मंडळी जमतात आणि श्याम सांगू लागतो. अशा बेचाळीस रात्री. मे महिन्याची सुट्टीही जवळजवळ तेवढ्याच दिवसांची असते.

अर्थात हे सारे ज्याला सुट्टी मिळते त्याच्यासाठी. ऊसतोड कामगारांची अनेक मुले हंगामभर फडावर असतात. ती गावी परततात तेव्हा शाळा बंद व्हायच्या बेतात असते. पुष्कळ मुलींची मे महिन्यातली दुपार पाणी, धुणी आणि धाकट्या भावंडांत जाते. त्यांना 'कंटाळा येऊ द्या' असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. त्यांच्या घरी ट्रंक नाही, अंक नाहीत. जवळचे एकमेव कपाट शाळेचे, आणि ते बंद.

पुस्तके दिली तर फाटतील, हरवतील, नोंदवहीला उत्तर कोण देणार, असे मुख्याध्यापक म्हणतात. त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई ग्रंथपालाच्या पगारातून होण्याची धास्ती काही काल्पनिक नसते. तेव्हा संस्थाचालकांनीच आधी लेखी कळवावे, की सुट्टीत दिलेल्या पुस्तकांपैकी काही परत येणार नाहीत हे गृहीत धरले आहे आणि त्याचा भार कुणा एकावर पडणार नाही. मग एप्रिलमध्ये फलकावर दुसरी सूचना लागू शकेल: निकालाच्या दिवशी येताना पिशवी आणावी, प्रत्येकाला तीन पुस्तके मिळतील, शाळा उघडली की परत करावीत.