उचल : कोणाचे येणे, कोणाचे देणे?

पुढील सालचा विम्याचा हप्ता मार्चअखेर भरला, तर तो चालू सालचा खर्च न धरता ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस मांडावयाचा आणि मुदत सरेल तसतसा खर्ची टाकावयाचा, हे वाणिज्य शाखेचा कोणताही विद्यार्थी सांगेल. आगाऊ मजुरीसही हाच नियम. मात्र येथे मालमत्ता म्हणून लिहिले जातात ते दुसऱ्या माणसाचे अद्याप न केलेले श्रम होत.

या नोंदीचा अर्थ डहाणू-तलासरीइतका कडवटपणे क्वचितच कोणास कळला असेल. लग्नासाठी सावकाराकडून रक्कम उचलणारा वारली तरुण 'लग्नगडी' होई. त्याच्याबरोबर नवी नवरीही राबे. श्रमाचा भाव सावकाराने ठरवावयाचा, वहीही त्यानेच लिहावयाची आणि फेडणाऱ्यास अक्षरओळख नाही! खर्ची टाकण्याची रीतच नसल्याने येणे सरत नसे. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा खरे पाहता ही वहीच नाकारली गेली. त्याच वर्षी गवतकापणीस ५०० पौंडांमागे अडीच रुपये मागणाऱ्यांना ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार सोसावा लागला.

वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्यात व्याख्यांचा आरंभ 'आगाऊ रक्कम' याच शब्दाने होतो, तो उगाच नव्हे. या कायद्याने बंधक ऋण फेडण्याचे दायित्वच नष्ट केले.

बँकेच्या कर्जदाराची गोष्ट निराळी. मुदतीपूर्वी कर्ज फेडून तो मोकळा होऊ शकतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना बजावले. वीटभट्टीवरील मजुरास असे मोकळे होता येते काय? दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातील कितीतरी आदिवासी कुटुंबे भट्ट्यांवर जातात, ती बहुधा उचल घेऊनच. उचल घेणे हा गुन्हा नव्हे. पावसाळ्यात घरात दाणा नसताना ती घ्यावीच लागते. पण किती विटा पाडल्या, खर्चीपोटी किती मिळाले, उचलीपैकी किती फिटले, हे मालकाच्या वहीतच राहते. हंगाम संपताना बाकी निघाली, की पुढील वर्षाचे श्रमही आधीच विकले गेलेले असतात.

निदान या हिशेबाची प्रत दर आठवड्यास मजुराच्या हाती पडावी आणि किमान वेतनाच्या दराशी ताडून कामगार अधिकाऱ्याने ती भट्टीवर जाऊन तपासावी. ही तपासणी हंगाम उलटल्यावर नव्हे, पहिल्याच महिन्यात व्हावयास हवी.