बेल्ट कोणाचा?

वर्ध्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाऊ, पोट्ट्याला तीन ठिकाणाहून बोलावणं आलं. तिन्ही सोलरवाले. तू जरा पाहून सांग ना, कुठे धाडू?"

पोट्टा म्हणजे माझा भाचा. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, मग तीन महिन्यांचा, सहाशे तासांचा सूर्यमित्र कोर्स केला, आणि आता मामाच्या सल्ल्याची वाट पाहत बसलाय. तीन नोकऱ्या हातात असलेला मुलगा आमच्या घराण्यात पहिलाच. माझ्या वेळी एका नोकरीसाठी तीन मामांची ओळख लागायची.

रविवारी तो नागपूरला आला तोच लॅपटॉप घेऊन. एक्सेलमध्ये तक्ता केला होता. उभ्या रकान्यांत तीन कंपन्या, आडव्या ओळींत पगार, सुट्ट्या, पीएफ, पेट्रोल, घरापासूनचं अंतर. शेवटच्या ओळीत चांदण्या. तिथं काम करणाऱ्यांनी आणि सोडून गेलेल्यांनी कंपनीला दिलेल्या. पहिल्या कंपनीचं नाव इतकं मोठं की आमच्या आईलाही माहीत. तिला चार चांदण्या. दुसरी मुंबईची, अलीकडची, गुंतवणूकदारांच्या पैशावर चाललेली. साडेतीन. तिसरा गावातलाच व्हेंडर, आठ पोरं आणि एक पिकअप. त्याला चांदण्याच नाहीत, कारण त्याच्याकडच्या पोरांना असं कुठं लिहायचं असतं हेच ठाऊक नाही.

पगाराची ओळ अशी : १८ हजार, २२ हजार अधिक इन्सेंटिव्ह, १४ हजार.

"मामा, तसं पाहिलं तर दुसरी," तो म्हणाला. मी तक्त्याकडे पाहत होतो, पण डोळ्यांसमोर आमची गच्ची होती.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सोलर बसलं. पंतप्रधान सूर्यघर योजना नुकतीच आली होती. एक कोटी घरांचं उद्दिष्ट, तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी, आणि गल्लीत रोज एक माहितीपत्रक. आम्हीही बसवलं. चार पोरं आली, सहा पॅनेल घेऊन. एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब, वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. आमच्या जिन्याच्या वळणावर ते फिरेना, म्हणून दोर बांधून बाहेरून वर ओढलं. एप्रिल महिना. सकाळी दहालाच जीआयचे पाइप हाताला चटके देत होते. दोघांच्या पायात चपला. चौघांत मिळून एक सेफ्टी बेल्ट, तोही पिशवीत. काम संपल्यावर एकानं तो बाहेर काढला, अंगावर चढवला, गच्चीच्या कठड्याशी उभा राहिला, दुसऱ्यानं फोटो काढला. बेल्ट परत पिशवीत.

मी विचारलं, हे काय? "ऑफिसला साइटचा फोटो लागते काका."

कंपनीचं नाव सांगत नाही. सिस्टिम उत्तम चाललीय, तक्रार नाही. पण त्या दिवसानंतर मी सोलर कंपनीची जाहिरात पाहिली की आधी छपरावरच्या माणसाच्या कमरेकडे पाहतो.

तक्त्यात बेल्टची ओळ नव्हती. ती आधी घालायला लावली. घरगुती सोलरमध्ये पोराच्या जिवाला दोनच गोष्टींची भीती, पडण्याची आणि शॉकची, आणि दुसरी थोडी चमत्कारिक आहे. सहा पॅनेल एकापाठोपाठ जोडली की तीनशे व्होल्टच्या घरात डीसी जातो. घरातल्या लाइनचा मेन स्विच पाडता येतो. ऊन मात्र पाडता येत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पॅनेल जिवंतच असतं. त्यात डीसीची ठिणगी एसीसारखी विझत नाही. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगीला दम तुटायला वाव मिळतो. डीसीत ती ओढत जाते. कोर्समध्ये भाच्याला हे सगळं शिकवलं होतं. त्यानं ते मला परीक्षेच्या उत्तरासारखं म्हणूनही दाखवलं. पण हातमोजे कोण देणार, हे त्यानं तिन्ही ठिकाणी विचारलं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी तक्ता नव्यानं भरायला घेतला. फोन लावले. ऑफरची कागदपत्रं चष्मा लावून वाचली.

२२ हजारवाल्या कंपनीचं आधी. तिथं प्रत्येकाला स्वतःचा बेल्ट, हेल्मेट, बूट, पंधरा दिवस ट्रेनिंग, मोजमापाला ॲप. मी खूश झालो. पण पद पाहिलं तर टेक्निशियनचं नव्हतं, 'होम सोलर कन्सल्टंट' होतं. म्हणजे घरोघर जाऊन सोलर विकायचं. वायरमनला कन्सल्टंट केला की पगार वाढतो आणि पक्कड सुटते. इन्सेंटिव्ह ऑर्डर मिळाल्यावर नव्हे, नेट मीटर लागल्यावर. मध्ये ग्राहकाचं कर्ज, महावितरणची तपासणी, मीटर, सगळी रांग. त्याआधी नोकरी सोडली तर तो इन्सेंटिव्ह गेला. आणि साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, कारण घरमालक सापडतो रविवारी. घरगुती सोलरचा धंदा दुसऱ्यांच्या सुट्टीवर चालतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आम्हाला सोलर विकणारा पोरगाही रविवारीच आला होता. त्याला चहा पाजला आणि सुट्टीच्या दिवशी काम करतो म्हणून कौतुकही केलं.

आणखी एक गंमत. ईएसआयसीची पगाराची मर्यादा आहे २१ हजार. भाच्याला मिळणार होते २२. हजार रुपये जास्त म्हणून तो दवाखान्याच्या कार्डाबाहेर. कंपनीचा स्वतःचा ग्रुप विमा होता म्हणा, पण नोकरी असेपर्यंत.

गावातल्या व्हेंडरकडे उलटी तऱ्हा. पगार मर्यादेत, पण माणसं आठ. ईएसआयसी सहसा दहा माणसांपासून लागू होते, पीएफ विसांपासून. तो आठावर थांबलाय तो कायद्याला घाबरून की धंदाच तेवढा आहे म्हणून, हे फोनवर विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. पण माणूस मोकळा निघाला. म्हणाला, "सर, सबसिडी ग्राहकाच्या खात्यात जाते, माझे पैसे बँकेच्या मॅनेजरच्या टेबलावर. ते आले की पगार. उशीर होते, पण बुडत नाही. पोरं मात्र माझ्याकडे सगळं शिकतात." सगळं म्हणजे खरोखर सगळं. गच्ची मोजणं, सावली बघणं, पाया भरणं, स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग, पोर्टलवरची फाइल, आणि महावितरणच्या ऑफिसात कोणत्या टेबलावर कधी जायचं हेसुद्धा. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे असलेला एक पोरगा आज स्वतः व्हेंडर आहे. हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं. मला ती त्याच्याबद्दलची सगळ्यात मोठी शिफारस वाटली. बेल्टचं विचारलं तर म्हणाला, "दोन आहेत. घेऊ अजून." बाजूला पिकअपचा हॉर्न वाजत होता.

राहिली मोठ्या नावाची कंपनी. १८ हजार, पीएफ, ईएसआयसी, टी-शर्टवर ते नाव. कागद नीट पाहिला तर वरचं लेटरहेड दुसऱ्याच कुणाचं. चॅनल पार्टनर! नाव मोठ्यांचं, माणसं पार्टनरची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं सक्तीचं झालं, हे चांगलंच झालं. पत्रामुळेच तर कळलं की मालक कोण. त्या चार चांदण्या कोणी दिल्या होत्या हेही मग उलगडलं. मोठ्या कंपनीच्या ऑफिसात एसीत बसणाऱ्यांनी. गच्चीवर चढणारा त्या कंपनीचा नोकरच नव्हता, तो चांदण्या देणार कुठून?

ही ऑफिस आणि छप्पर यांची फारकत आपलीच नाही. अमेरिकेत घरगुती सोलरचा धंदा आपल्याआधी फोफावला. सोलरसिटी २००६ची, सनरन २००७ची. युटा राज्यातली विविंट सोलर तर उन्हाळ्यात तरुण पोरं दारोदार पाठवून विकण्यासाठीच ओळखली जायची. २०२० मध्ये तिला सनरननं विकत घेतलं. तिथंही काही कंपन्या छपरावर चढणारी माणसं स्वतःच्या पगारावर ठेवतात, काही सगळं काम डीलरवर सोपवतात, आणि विकणाऱ्याला पगार कमी, कमिशन जास्त. तिकडच्या विक्रीवाल्या पोरांत 'रेडलाइन' असा शब्द आहे. कंपनी एक किमान भाव ठरवून देते, त्याच्या वर ग्राहकाकडून जे काढाल त्यातून तुमची कमाई. आपल्याकडे भाजी मंडईतला अडत्या हे फार पूर्वीपासून करतो. त्याला कन्सल्टंट म्हणत नाहीत, एवढंच.

पण मला त्या गोष्टीतलं पुढचं प्रकरण महत्त्वाचं वाटतं. १५ एप्रिल २०२३ पासून कॅलिफोर्नियात नेट मीटरिंगचे नियम बदलले. नव्या ग्राहकानं ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला साधारण पाऊण हिश्श्यानं घटला. व्याजदर त्याच सुमारास चढले होते. १९८५ पासूनची सनपॉवर ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, टेक्ससची सनोव्हा जून २०२५ मध्ये. म्हणजे २०२१ साली एखाद्या पोरानं भाच्यासारखाच तक्ता केला असता आणि पगार, सुट्ट्या, विमा पाहून सनपॉवर निवडली असती, तर तक्त्यातली एकही ओळ चुकलेली नसती. नोकरी मात्र गेली असती.

आपल्या योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. पुढे वाढेलही. पण आज भरती करणाऱ्या सगळ्या कंपन्या त्या सबसिडीच्या पाण्यावर पोहतायत, आणि पाणी ओसरल्यावर कोणाचे पाय जमिनीला लागतात ते तेव्हाच दिसेल. म्हणून मी भाच्याला एक प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारायला लावला : तुमच्याकडे सर्व्हिसला माणसं किती? योजनेत बसवलेल्या सिस्टिमची पाच वर्षं देखभाल व्हेंडरनं करायची असते. ती खरोखर करणारा माणसं टिकवतो, कारण त्याला ती लागतात. फक्त बसवत सुटणाऱ्याला हंगामापुरतीच लागतात.

उत्तरं आली. मुंबईच्या कंपनीनं 'सेंट्रलाइज्ड टीम' असं म्हटलं. चॅनल पार्टनरकडच्या बाईंनी सांगितलं की विचारून कळवते. व्हेंडर म्हणाला, "आम्हीच. कोण येणार दुसरं?"

मी व्हेंडरच्या बाजूनं कौल दिला. दोन वर्षं शिक, असं म्हटलं. बेल्ट मी घेऊन देतो. आणि पंतप्रधान सुरक्षा विम्याचे वर्षाचे २० रुपये खात्यातून कापू दे, दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे. बोलताना मला स्वतःचाच आवाज फार शहाणा वाटला. दुसऱ्याच्या पोराला १४ हजारांवर समाधान मानायला सांगणं सोपं असतं. माझ्या पोरानं असं काही ऐकून घेतलं नसतं, आणि मी सांगितलंही नसतं.

बहीण सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुझं बरोबर आहे भाऊ. पण उद्या पोरीवाले विचारतील, पोरगा कुठे आहे? तर काय सांगू, पिकअपवर?" तिच्या तक्त्यातली ही ओळ आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. आणि पीएफ कापणारी नोकरी तिच्या लेखी सरकारी नोकरीची धाकटी बहीणच.

भाचा मोठ्या नावाकडे गेला. म्हणजे त्यांच्या पार्टनरकडे.

काल त्याचा फोटो आला, कुटुंबाच्या ग्रुपवर. कुठल्याशा तीनमजली घराची गच्ची, मागं चकाकणारी पॅनेलं, निळा टी-शर्ट, छातीवर ते नाव. अंगठ्यांचा पाऊस पडला. पाच मिनिटांत बहिणीचा फोन. "पाहिला का? बेल्ट आहे त्याच्या कमरेला. तू उगाच घाबरवून राहिला होता."

मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. बेल्ट होता खरा, नवा कोरा, केशरी. मग तो पट्टा कुठं जातो ते पाहत गेलो. कमरेपासून दोरी निघाली होती, मांडीवरून खाली आली होती, आणि तिचं हूक त्यानं हातात धरलं होतं.