थायरॉइडची चाचणी : गरज कोणाची, सोय कोणाची?

'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिराती आज वृत्तपत्रांपासून लोकलच्या डब्यापर्यंत सर्वत्र दिसतात. पन्नास-साठ चाचण्यांच्या त्या यादीत थायरॉइडच्या चाचणीला हमखास स्थान असते, आणि पैसे भरणाऱ्याच्या घरी रक्ताचा नमुना घेण्यासाठी माणूसही पाठविला जातो. याच देशात जन्मास येणाऱ्या बहुसंख्य बालकांची मात्र ही चाचणी होत नाही. वास्तविक ती वेळेवर न झाल्यास ज्याचे नुकसान सर्वाधिक आणि कायमचे होते, ते हेच नवजात बालक. ज्याला गरज कमी त्याच्या दारी चाचणी जावी आणि ज्याला ती सर्वाधिक त्याच्यापर्यंत पोहोचू नये, हा दोष वैद्यकशास्त्राचा नव्हे. तो वाटपाच्या व्यवस्थेचा आहे, आणि म्हणून त्याचा विचार केवळ डॉक्टरांवर सोपवून भागणार नाही.

लक्षणांचा फसवेपणा

गळ्याच्या पुढच्या भागात असलेल्या थायरॉइड अथवा अवटू ग्रंथीतून स्रवणारे थायरॉक्सिन शरीरातील चयापचयाचा वेग राखते. हा स्राव कमी पडू लागला की सारेच व्यवहार मंदावतात. थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, बद्धकोष्ठता जडते, आवाज घोगरा होतो, विसराळूपणा वाढतो. स्त्रियांच्या मासिक पाळीतही बिघाड होतो. यांपैकी एकही लक्षण असे नाही की ज्याचे दुसरे कारण सांगता येणार नाही. वाढते वय, दगदग, रक्तक्षय, मनाची उदासी, यांतील कोणतेही स्पष्टीकरण सहज पटते. त्यातच हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. गृहिणीचे घरकाम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरले जात नाही, तसा तिचा थकवाही घराच्या हिशेबात धरला जात नाही. कारकुनाची चूक वरिष्ठांच्या ध्यानात येते आणि विचारपूस तरी होते. घरातील बाईच्या हालचाली मंदावल्या तर तिला आळशी ठरवून मोकळे होता येते. निदानातील दिरंगाईचे मूळ पुष्कळदा असे दवाखान्याबाहेर असते.

लक्षणे संदिग्ध असल्यामुळे निर्णय रक्ताच्या चाचणीवरच ठेवावा लागतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाच्या संप्रेरकाद्वारे थायरॉइडला कामाला लावीत असते. थायरॉइड सुस्तावली की हा तगादा वाढतो. म्हणून टीएसएचचा वाढलेला आकडा ही पहिली खूण. जोडीला थायरॉक्सिन घटलेले आढळले तर निदान पक्के होते. उपचार म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची एक गोळी. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तिचा समावेश असून तिच्या किमतीवर शासनाचे नियंत्रण आहे. चाचणी सोपी आणि औषध स्वस्त असूनही रोग अंगावर काढला जातो, हे विशेष होय.

पहिले दोन आठवडे

जन्मतःच हा दोष असलेले बालक बहुधा इतर बालकांसारखेच दिसते, कारण गर्भावस्थेत आईच्या थायरॉक्सिनने त्याला काही अंशी सांभाळलेले असते. लांबलेली कावीळ, दूध ओढण्यातील मंदपणा, घोगरे रडणे ही चिन्हे उमटेपर्यंत मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळ निघून जातो. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल चारचौघांसारखे शिकू शकते; फार विलंब झाल्यास येणारे बौद्धिक अपंगत्व पुढे कोणत्याही उपचाराने पुरते दूर होत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने टाचेतून घेऊन कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबांवरून सर्व नवजातांची तपासणी १९७४ मध्ये सुरू केली आणि प्रगत देशांनी तिचे अनुकरण केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच केंद्रांतून एक लाखाहून अधिक नवजातांची तपासणी केली, तेव्हा सुमारे १,१३० बालकांमागे एकात हा दोष आढळला. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण दीर्घकाळ तीन ते चार हजारांत एक असे मानले जात आले आहे. म्हणजे गरज येथे अधिक, आणि सोय तेथे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा विकार आहे. परंतु त्यापुढे 'ऐच्छिक' असा शेरा आहे. शासकीय व्यवहारात ऐच्छिक म्हणजे पुष्कळदा 'निधी उरल्यास'. गोव्याने २००८ मध्येच नवजात तपासणीचा राज्यव्यापी कार्यक्रम हाती घेतला आणि केरळनेही या दिशेने पावले टाकली. यावरून ही गोष्ट आपल्याकडे अशक्य नाही, एवढे तरी सिद्ध होते.

अनावश्यक चाचणीचा खर्च

याचा अर्थ सरसकट सर्वांची चाचणी करावी, असा मात्र नव्हे. मुंबई व गोव्यासह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइडची मंदता होती आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणांना तिची कल्पनाच नव्हती. आणखी ८ टक्के लोकांत टीएसएच वाढलेले, परंतु थायरॉक्सिन योग्य पातळीत, अशी सीमेवरची अवस्था आढळली. खासगी तपासणीच्या जाळ्यात सापडतात ते बहुतांशी या दुसऱ्या गटातील लोक. अशा ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गोळीने थकवा वा अन्य लक्षणे कमी झाल्याचे दिसले नाही. एका आकड्यापायी धडधाकट माणूस जन्माचा रुग्ण ठरत असेल, तर तो खर्च केवळ पैशांचा राहत नाही. म्हणून सीमेवरचा आकडा आल्यास काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करून पाहणे शहाणपणाचे. उलट लक्षणे अनेक आणि टिकून असतील, घराण्यात हा विकार असेल, तर विलंब नको. गर्भवतीच्या बाबतीत तर दक्षता अधिकच हवी. धोका अधिक असलेल्या गर्भवतींची तपासणी व्हावी, असे केंद्र शासनाने २०१४ मध्ये सुचविले आहे.

मिठाचा धडा

कुपोषण आणि क्षयरोग दारात उभे असताना या चाचणीला अग्रक्रम कसा द्यावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो गैरलागू नाही. परंतु त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून गलगंड हटविता येतो हे दाखविले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. आयोडीनरहित खाद्य मिठाच्या विक्रीवरील बंदी २००० मध्ये उठविण्यात आली, तरी २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. गरीब देशाने केलेला हा उपाय श्रीमंत-गरीब सर्वांच्या ताटात पोहोचला, कारण तो क्रयशक्तीवर सोडला गेला नव्हता. आज प्रौढांतील मंदतेचे मुख्य कारण शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला हे आहे, आणि नवजातांत बहुधा ग्रंथीच्या घडणीतच दोष असतो. तेथे मीठ पुरे पडत नाही, चाचणीच हवी.

ती करण्याची यंत्रणा बऱ्याच अंशी उभी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. नमुना घेण्याची संधी तेथेच आहे. आई लवकर घरी जाणार असेल तर नाळेतील रक्तही चालते. नमुना घेणे हे अर्धेच काम, दोष आढळलेले बालक पुन्हा शोधणे हे खरे कठीण. परंतु प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी आशा कार्यकर्ती त्या घरी जातेच. हे नेमके तेच दोन आठवडे आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल तिच्या हाती वेळेत पडावा आणि गोळ्यांचा पुरवठा प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड राहावा, एवढी जोडणी शासनाने करावयाची आहे. यासाठी लागणारा पैसा एकदाच खर्च होणारा नाही, हे खरे. परंतु न केलेल्या चाचणीचा खर्च एखादे कुटुंब जन्मभर सोसत असते आणि तो कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. यादीतील 'ऐच्छिक' हा शब्द खोडण्यापासून सुरुवात करता येईल.