उंच धुराडी, परका पाऊस

पाऊस हे निसर्गाचे दान, अशी आपली समजूत. पण त्या दानात माणूसच विष कालवू लागला तर? कोळसा जळताना त्यातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. हवेत त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते आणि ते पावसाबरोबर खाली उतरते. हाच आम्लपर्जन्य. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ सालीच मँचेस्टरच्या पावसात तो ओळखला होता.

विसाव्या शतकात ब्रिटनने वीजकेंद्रांना उंच धुराडी बांधली. जवळची हवा निवळली. धूर मात्र उत्तर समुद्र ओलांडून गेला. नॉर्वे-स्वीडनमधील सरोवरांचे पाणी आम्लधर्मी झाले, मातीतले ॲल्युमिनियम त्यात उतरले आणि मासे मेले. स्वांते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हे वृत्तपत्रातून मांडले. १९७९ मध्ये जिनिव्हा येथे करार झाला. पुढे गंधकाचा धूर घटला, तशी सरोवरेही सावरू लागली.

माझे म्हणणे एवढेच, की उंच धुराडे धूर नाहीसा करीत नाही. दुसऱ्याच्या अंगणात टाकते. आपल्याकडे २०१५ साली औष्णिक वीजकेंद्रांवर या वायूची मर्यादा घातली गेली. जुलै २०२५ मध्ये मात्र मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या बहुसंख्य केंद्रांना, धुराड्याच्या उंचीची अट घालून, तिच्यातून सूट मिळाली. आपल्या हवेतील धूळ बरेचसे आम्ल मारते, हे खरे. पण धुळीच्या भरवशावर किती दिवस राहायचे?

मित्रहो, दिवा आपल्या खोलीत लागतो. त्याचा धूर कोणाच्या शेतावर उतरतो, हे विचारणे आपले कर्तव्य नव्हे काय?